दुसरी प्रत आणि तिचे स्थान : पश्चिम हिंदुस्थानातील तीन दप्तरांच्या जपणुकीविषयी

राज्यकारभाराचे कागद लिहिले कसे जात, त्यांवर शिक्के कोणाचे होत, मायने कोणते असत, याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. लिहून झाल्यावर त्या कागदांचे काय होई, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक अभ्यासकाच्या हाती जे साधन येते त्याची पहिली निवड इतिहासकाराने केलेली नसते. ती वाळवीने, आगीने, शत्रूच्या स्वारीने आणि दप्तरातील कारकुनांच्या शिस्तीने किंवा बेशिस्तीने आधीच करून टाकलेली असते. या निवडीतून जे तगले त्याचा विचार केला असता असे दिसते की, आयुष्य लाभले ते बहुधा दुसऱ्या प्रतीला. आणि ती प्रत पहिलीपासून दूर, निराळ्या माणसाच्या ताब्यात असल्यामुळे लाभले. आजच्या कचेऱ्यांत संगणकातील माहितीच्या जादा प्रती चुंबकीय फितींवर किंवा तबकड्यांवर घेऊन त्यांतील एक तरी मूळ जागेपासून दूर कुलूपबंद ठेवण्याचा जो परिपाठ आहे, त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे. मराठी, पोर्तुगीज व इंग्रजी या पश्चिम हिंदुस्थानातील तीन दप्तरांत तो अनुभव कसा आला आणि तो येऊनही कोठे विसरला गेला, हे पाहण्याजोगे आहे.

आरंभ शिवकालापासून करावा लागतो, कारण हानी तेथेच सर्वांत मोठी आहे. शिवाजी महाराजांच्या कारभारात लेखनाची व हिशेबाची जबाबदारी एका हाती एकवटू नये, याची काळजी घेतलेली स्पष्ट दिसते. जमाखर्च अमात्याकडे, पत्रांची तपासणी सचिवाकडे, वाकनिशी मंत्र्याकडे. किल्ल्यावरही हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी एकमेकांवर नजर ठेवून असत. साठा कसा जपावा याचीही त्या राज्याला उत्तम जाण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जो उपदेश आहे तो या दृष्टीने वाचावा. दारूखाना राहत्या जागेपासून दूर असावा, ठराविक दिवसांच्या अंतराने दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असा त्याचा आशय आहे. निराळी जागा, नियमित तपासणी आणि तपासणीनंतर मोहोर ही जपणुकीची तिन्ही अंगे त्यात आली आहेत. परंतु १६८९ च्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला, राजाराम महाराज आधीच निसटून जिंजीकडे निघाले होते, येसूबाई व बाल शाहू कैदेत गेले, आणि राजधानीतील राज्यदप्तराची सलग परंपरा तेथे तुटली. शिवकालीन केंद्रीय दप्तर म्हणून दाखविता येईल असा संग्रह आज कोठेही नाही.

मग महाराजांची म्हणून जी पत्रे आज छापली जातात ती आली कोठून? ती आली देशमुखांच्या, देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या, मठांच्या व देवस्थानांच्या पेट्यांतून. म्हणजे पत्र पाठविणाऱ्याकडून नव्हे, ते मिळालेल्याकडून. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास १८९८ मध्ये प्रारंभ केला आणि पुढे त्यांचे २२ खंड झाले, ते या विखुरलेल्या घरगुती संग्रहांच्या बळावर. राज्याच्या दृष्टीने ही घरे म्हणजे दप्तराच्या जादा प्रतींची ठिकाणे नव्हती. त्या घरांना आपल्या वतनाची चिंता होती, राज्याच्या स्मृतीची नव्हती. तरीही परिणाम तोच झाला.

हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही. सनदा देण्याच्या पद्धतीतच त्याचे बीज होते. एखाद्यास गाव किंवा जमीन इनाम करून दिली म्हणजे एकच सनद देऊन भागत नसे. एक पत्र प्रत्यक्ष इनामदाराच्या नावे, दुसरे गावच्या मोकदमास, तिसरे कमाविसदारास किंवा प्रांताच्या अधिकाऱ्यास, चौथे परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस, अशी बहुधा चार पत्रे निघत. आणि हुजूरच्या रोजकीर्दीत त्या दानाची नोंद होऊन किती पत्रे दिली हेही लिहिले जाई. याशिवाय पत्राच्या अखेरीस एक ठरीव आज्ञा असे. अधिकाऱ्याने पत्राची प्रत लिहून घ्यावी आणि मुख्य पत्र इनामदारास भोगवट्यासाठी परत द्यावे. या प्रतीला जुन्या कागदांत तालीक म्हणत, मुख्य पत्राला असल. म्हणजे एकाच दानाची साक्ष निदान पाच ठिकाणी राही. त्यांपैकी कोणत्याही दोघांचे हितसंबंध सर्वस्वी एक नसत. इनामदारास जमीन हवी असे, कमाविसदारास वसूल हवा असे, मोकदमास गावचा बोजा कमी हवा असे. खोटा कागद करू पाहणाऱ्यास या सर्वांना एकाच वेळी वश करणे अवघड जाई. प्रतींची सुरक्षितता कुलपापेक्षा राखणाऱ्यांच्या परस्परविरोधावर अधिक अवलंबून होती, आणि या पद्धतीचे मर्म त्यातच आहे.

हुजूरची प्रत नाहीशी झाल्यावर काय होते, याचा अनुभव रायगड पडल्यानंतरच्या काळाने भरपूर घेतला. वतनाचे तंटे उभे राहिले की सरकारजवळ ताडून पाहण्यास कागद नसे. तेव्हा गोत बसवावे, देशकांची साक्ष घ्यावी, महजर करावा आणि वादीने आणलेला जुना कागद सर्वांसमोर वाचून पाहावा, एवढाच मार्ग उरला. या मार्गाने न्याय पुष्कळदा झालाही. परंतु बनावट कागद पुढे आणण्यास याहून सोयीचा काळ असू शकत नाही. आज वतनपत्रांच्या संग्रहात जे संशयित कागद आढळतात त्यांची परीक्षा अभ्यासकाला अक्षरवळण, मायना, शिक्का व कालगणना यांवरून करावी लागते. हुजूरची एक नोंद शिल्लक असती तर ते काम क्षणाचे होते.

पेशवाईत पुण्यास जे हुजूर दप्तर वाढले त्यात या अनुभवाचे काही शहाणपण उतरले होते. त्याच्या प्रगत अवस्थेतील रचनेचे दोन भाग सांगितले जातात. चालते दप्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे आणि त्यात फड, बेहडा, सरंजाम इत्यादी शाखा होत्या. चालू वर्षाचे हिशेब, हुकूम, नेमणुका यांचे काम तेथे चाले. हुजुरास ज्या हिशेबांची तात्काळ गरज उरली नसे ते एकबेरीज दप्तराकडे जात. हे दप्तर कायमचे पुण्यास असे. तेथे सर्व खात्यांचे हिशेब एकत्र होऊन त्यांच्या खतावण्या व तर्जुमे, म्हणजे वर्गवार गोषवारे, तयार होत. मूळ हिशेब हरवला तरी गोषवाऱ्यावरून त्याचा सांगाडा उभा करता येई. चालू कामाचा कागद आणि राखून ठेवण्याचा कागद हे दोन भिन्न पदार्थ आहेत, त्यांची जागा व त्यांचे राखणदार भिन्न असावेत, ही समज या रचनेत आहे. तिचे श्रेय एकट्या नाना फडणिसास देण्याची प्रथा आहे; त्यात अतिशयोक्ती असली तरी नानाच्या अमदानीत या कामाला जी शिस्त आली ती नाकारता येत नाही.

पण कायमचे पुण्यास, या शब्दांतच धोकाही होता. १७६३ मध्ये माधवराव व रघुनाथराव निजामाच्या मुलखात फौज घेऊन फिरत असता निजामअली जानोजी भोसल्यांस हाताशी धरून थेट पुण्यावर आला. शहर लुटले गेले, घरे जाळली गेली. पेशव्यांच्या घरची मंडळी सिंहगडाच्या आश्रयास गेली आणि ऐन वेळी बांधता आले तेवढे कागद त्याच दिशेने निघाले. मोगलांच्या तुकडीने सिंहगडाखालच्या गावावर छापा घालून ते जाळले, त्यात पुण्याहून नेलेली पुष्कळ मालमत्ता आणि राज्याचे कागदपत्र नष्ट झाले, असे ग्रँट डफ याने नमूद केले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राक्षसभुवनास मराठ्यांनी निजामाचा पराभव करून मुलूख परत मिळविला. जळालेले कागद अर्थातच तहात मागता आले नाहीत. किल्ला सुरक्षित जागा होती यात शंका नाही. परंतु संकट दिसल्यावर कागद तिकडे न्यावयाचे आणि संकटापूर्वीच त्यांची प्रत तिकडे असावयाची, यांत जो फरक आहे तो सिंहगडाच्या पायथ्याशी दिसून आला. कागदाला सर्वांत मोठा धोका वाटेत असतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तरावर कोणी स्वारी केली नाही, आणि तरी त्याची हानी झाली. इंग्रजी अंमलाच्या प्रारंभी हे दप्तर हाताळणाऱ्या मॅक्लिऑड या अधिकाऱ्याच्या वृत्तांतावरून असे दिसते की, बाजीरावाने कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडीत काढला, दप्तराकडे दुर्लक्ष केले आणि लोकांना कागद घेऊन जाण्याचीही मोकळीक राहिली. दप्तराची सुरक्षितता ही भिंतींची आणि पेट्यांची गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी या प्रसंगाकडे लक्ष द्यावे. वाडा तोच होता, कुलपेही असतीलच. रोज रुमाल सोडणारा, मोजणारा, परत बांधणारा माणूस नव्हता. नानाचे स्वतःचे कागद मात्र वाईजवळ मेणवलीस त्याच्या वाड्यात राहिले आणि त्यामुळेच पुढे ते संशोधकांच्या हाती लागू शकले. पटवर्धनांचे कागदही असेच सरदारघराण्यात राहिले व वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहाचा पाया झाले. सरकारी कागद खाजगी घरात असणे ही कारभाराच्या दृष्टीने ढिलाईच होय. इतिहासाने तिचा लाभ घेतला, एवढ्यावरून तिला शिस्त म्हणता येणार नाही.

मराठी राज्यात प्रतींची फाकणी हक्काच्या गरजेतून झाली. गोव्याच्या पोर्तुगीजांकडे ती समुद्राच्या भीतीतून झाली. लिस्बन व गोवा यांच्यामधील पत्रव्यवहार वर्षातून एकदा मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर अवलंबून होता. म्हणूनच या पत्रव्यवहाराच्या बांधीव ग्रंथांना मान्सूनची पुस्तके असे नाव पडले. जहाज फुटणे, शत्रूने पकडणे, वाट चुकून मोझांबिकला अडकून पडणे या नित्याच्या गोष्टी होत्या. त्यामुळे महत्त्वाचे पत्र एका जहाजावर कधीच ठेवीत नसत. त्याच पत्राच्या दोन, तीन किंवा अधिक प्रती निरनिराळ्या जहाजांवर चढत आणि प्रत्येकीच्या माथ्यावर ती पहिल्या वाटेची की दुसऱ्या वाटेची हे लिहिलेले असे. आलेली पत्रे आणि गेलेल्या उत्तरांच्या नकला गोव्यात बांधून ठेवीत. प्रतीवर तिचा क्रमांक लिहिण्याची ही साधी सवय फार मोलाची होती. हाती पडलेला कागद एकमेव आहे की त्याची भावंडे कोठे तरी आहेत, हे तो कागदच सांगत असे.

१५९५ मध्ये गोव्यात स्वतंत्र दप्तरखाना स्थापन होऊन त्याच्या रक्षकपदी दियोगु दु कोतु याची नेमणूक झाली. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील पराक्रमाचा इतिहास दशकांच्या रूपाने लिहिणारा ग्रंथकार तो हाच. दप्तराच्या या पहिल्या राखणदाराच्या स्वतःच्या लेखनाचे जे झाले ते दैवाची थट्टा म्हणावे असे आहे. सातव्या दशकाचे हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज शत्रूने पकडले. त्याला ते पुन्हा पाठवावे लागले. सहाव्या दशकाच्या छापील प्रती बहुतेक आगीत गेल्या. आठव्या व नवव्या दशकांची हस्तलिखिते तो आजारी असता चोरीस गेली, तेव्हा म्हाताऱ्याने स्मरणाच्या आधारे त्यांचा संक्षेप रचला. १६१६ मध्ये तो गोव्यातच मरण पावला. राज्याच्या पत्रांना ज्या दक्षतेने दोन-दोन वाटा मिळत तिचा लाभ ग्रंथकाराच्या श्रमांना मिळाला नाही.

गोव्याच्या प्रतींचे खरे मोल १ नोव्हेंबर १७५५ रोजी ठरले. त्या दिवशीच्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या समुद्राच्या लाटेने आणि आगीने लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले. राज्याचे मुख्य दप्तर सेंट जॉर्जच्या किल्ल्यातील एका बुरुजात होते. तो बुरूज कोसळला. वृद्ध दप्तररक्षक मानुएल द मायया याने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढविले, फळ्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवले आणि पुढे एका मठात हलविले, म्हणून ते दप्तर पुष्कळ अंशी वाचले. नदीकाठच्या राजवाड्याच्या परिसरात असलेले हिंदुस्थानच्या व्यापारखात्याचे दप्तर मात्र नाहीसे झाले. म्हणजे हिंदुस्थानविषयक व्यवहाराची लिस्बनमधील एक फार मोठी बाजू एका सकाळीत गेली, आणि तिच्या समोरची बाजू साडेचार हजार मैलांहून दूर मांडवीच्या काठी शाबूत होती.

यानंतर वीस-बावीस वर्षांत लिस्बनच्या आज्ञेवरून गोव्याच्या मान्सून-पुस्तकांतील ६२ ग्रंथ जहाजाने पोर्तुगालला नेण्यात आले. ते सुखरूप पोचले, राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत, आणि १८८० पासून त्यांतील कागद छापलेही जाऊ लागले. अभ्यासाच्या दृष्टीने या प्रकाशनाचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. तथापि घडले ते असे की, ज्या अंतराने या प्रतींना वाचविले ते अंतरच काढून टाकले गेले, गोव्यात त्यांच्या नकला ठेवण्याची तरतूद न करता. भूकंपाचा धडा एका पिढीलाही पुरला नाही. गोव्यातील मालिकेत त्यामुळे पडलेले खिंडार पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या दप्तरपालाला नित्य जाणवले असले पाहिजे. उरलेल्या साधनांवर त्यांनी केलेले काम थोर आहे. राज्यमंडळाच्या ठरावांचे ५ खंड १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी प्रसिद्ध केले आणि पोर्तुगेज-मराठे संबंध हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये छापला. शिवाजी, संभाजी व पुढे पेशवे यांच्याशी झालेल्या पोर्तुगीजांच्या व्यवहाराची माहिती मराठी दप्तरांत जेथे मूक आहे, तेथे ही पोर्तुगीज प्रत बोलते.

दोन भाषांतील साधने परस्परांस पुरवणी होतात, याला द्रव्याचेही एक कारण आहे. मराठी कारकून काजळ व डिंक यांच्या शाईने जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर लिहीत. ही शाई शेकडो वर्षांनीही काळी कुळकुळीत राहते. पाण्याचा मात्र तिला भारी धाक. एक पावसाळा छपरातून गळला की ओळीच्या ओळी धुऊन जातात. पोर्तुगीजांची मायफळ व हिराकस यांची शाई पाण्याला सहसा दाद देत नाही, परंतु तिच्यातील आम्ल कागदालाच खात जाते आणि कोकणच्या दमट हवेत तर अक्षरांच्या जागी छिद्रे उरतात. एकीचा शत्रू पाऊस, दुसरीचा शत्रू काळ. एकाच घटनेची नोंद या दोन्ही शायांत असणे हे तिच्या टिकाऊपणाचे उत्तम आश्वासन आहे, आणि ते कोणी योजून दिलेले नव्हते.

१९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज शासनाने गोव्याच्या दप्तराचे सूक्ष्मपट घेण्यास आरंभ केला आणि ते लिस्बनमधील सागरपार चित्रपटालयात जमा केले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा मूळ ग्रंथ पणजीस राहिले, त्यांच्या चित्रफिती लिस्बनमध्ये. राजकीय हेतू काहीही असोत, दप्तरशास्त्राच्या दृष्टीने १७७० नंतरच्या चुकीची ही उलट दुरुस्ती होय. या वेळी प्रत गेली, मूळ राहिले. सूक्ष्मपटाचेही स्वतःचे व्याधी आहेत. त्या काळात वापरात असलेली अ‍ॅसिटेट फीत उष्ण व दमट जागी कुजू लागली की व्हिनेगरसारखा उग्र दर्प येतो, फीत आखडते आणि शेजारच्या डब्यांनाही तो रोग लागतो. म्हणून मूळ निगेटिव्ह थंड व कोरड्या जागी स्वतंत्र ठेवावी, तिच्यावरून दुसरी काढावी आणि वाचकांच्या हाती केवळ तिसरी द्यावी, असा दंडक पडला. चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर यांतील भेद येथे नव्या द्रव्यात पुन्हा दिसतो.

इंग्रजांची पद्धत पोर्तुगीजांच्याच अनुभवातून घडावी तशी घडली. सुरतेच्या व पुढे मुंबईच्या वखारीतून कंपनीच्या संचालकांना जाणारी पत्रे निरनिराळ्या जहाजांवर दुहेरी पाठविली जात. शिवाय वखारमंडळाच्या बैठकींची कार्यवृत्ते प्रतिवर्षी नक्कल करून लंडनला रवाना होत. व्यापाऱ्याला आपल्या दूरच्या गुमास्त्यावर विश्वास नव्हता, हे या नकलांचे खरे कारण. रायगडावरील दप्तर गेले तरी १६७४ च्या राज्याभिषेकास हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडनने जे पाहिले व लिहिले ते आज वाचता येते, ते या अविश्वासामुळे. १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवाजीविषयक इंग्रजी कागदांचा जो संग्रह छापला त्याचा मोठा भाग अशा पाठविलेल्या प्रतींतून आलेला आहे. परंतु दुहेरी प्रतीची ही शाश्वतीच घातकही ठरू शकते. कंपनीचा कारभार १८५८ मध्ये संपल्यावर पुढील काही वर्षांत लंडनमध्ये तिच्या जुन्या कागदांपैकी शेकडो टन रद्दी म्हणून काढण्यात आले. हिंदुस्थानात प्रत असेल म्हणून लंडनने फाडावी आणि लंडनमध्ये असेल म्हणून मुंबईने वाळवीच्या स्वाधीन करावी, असा प्रसंग येऊ नये यासाठी दोन्ही ठिकाणची यादी एकमेकांशी ताडलेली असावी लागते.

यादीवाचून प्रतीची काय गत होते याचे उदाहरण ग्रँट डफच्याच चरित्रात आहे. सातारच्या रेसिडेंटचे काम करीत असता त्याने बखरी, पत्रे, कैफियती यांचा मोठा संग्रह जमविला आणि त्यावर १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. आपण वापरलेल्या अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत, असे त्याने ग्रंथात ठिकठिकाणी सांगितले आहे. हेतू निर्दोष होता, जागा योग्य होती, संस्था विद्वानांची होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यासारखे मराठी अभ्यासक डफची विधाने तपासून पाहू लागले, आणि आधाराचे कागद पाहण्याची वेळ आली तेव्हा त्या नकला तेथे सापडेनात. डफने कागद जाळून टाकले अशी वदंताही त्यामुळे पसरली. तिला पुरावा नाही. तिचा जन्म होण्यास नोंदवहीतील एक ओळ नसणे पुरेसे झाले. ठेवल्याची नोंद ठेवणाऱ्याजवळ आहे आणि ठेवून घेतल्याची नोंद ठेवून घेणाऱ्याजवळ नाही, अशी प्रत असून नसल्यासारखीच होय.

डफचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सतरा वर्षांनी, १८४३ मध्ये, दक्षिण महाराष्ट्रातील इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला विस्तृत अधिकार मिळाले. आतापर्यंत कागद हरवला तर इतिहासाची हानी होत होती. आता जमीन जाऊ लागली. इनामदाराने आपली सनद पुढे करावयाची आणि ती पेशव्यांच्या दप्तरातील नोंदीशी ताडून पाहावयाची, असा क्रम होता. दप्तरात नोंद न सापडल्यास तिचा अर्थ काय करावा? दान झालेच नव्हते, असा? की तो रुमाल १७६३ मध्ये सिंहगडाखाली जळाला, किंवा बाजीरावाच्या वेळी कोणी घरी नेला, असा? चार पत्रे काढणाऱ्या जुन्या पद्धतीत याला उत्तर होते. हुजूरची नोंद नसली तर देशमुखाचे, मोकदमाचे पत्र पाहावे. कमिशनलाही हे उत्तर माहीत होते. म्हणूनच त्याने देशमुख, देशपांडे, कुलकर्णी इत्यादी वतनदारांची परगण्या-परगण्यांतील दप्तरे गोळा करून पुण्यास आणविली. पेशवे दप्तरातील जमाव या नावाने ओळखला जाणारा विभाग तो हाच.

या संग्रहाने संशोधनाचे अपार कल्याण केले. १८९१ मध्ये बांधून पुरी झालेल्या दगडी इमारतीत पेशवे दप्तराचे तीस हजारांहून अधिक रुमाल एका छपराखाली आले. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यांतून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आज मोडी वाचणारा विद्यार्थी एका दिवसात शाहू दप्तर, रोजकीर्द, प्रांत अजमास आणि जमाव एकमेकांशी ताडून पाहू शकतो. पण हे सौकर्य ज्या गोष्टीमुळे लाभले तीच काळजीची आहे. जे कागद शंभर-दीडशे वर्षे शेकडो वाड्यांत विखुरलेले असल्यामुळे एका आगीत सापडू शकत नव्हते, ते आता एकाच आवारात मूळ नोंदीच्या शेजारच्या घोड्यावर बसले. दूर असलेली साक्षीची प्रत ताडून पाहण्यासाठी जवळ आणावी लागते, आणि जवळ आणली की तिचे साक्षीपण तेवढे उरते, राखणदारपण जाते. कमिशनने कागदांच्या नकला करून मूळ कागद गावी परत पाठवावयास हवे होते. प्रती लिहून घेऊन मुख्य पत्र परत द्यावे, ही मराठी सनदांतील जुनी आज्ञा त्याच्या समोरच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहिलेली होती.

रुमाल बांधण्याची रीत अद्याप तीच आहे. चौकोनी कापड, त्यावर पुडकी, चारी टोकांची गाठ आणि बाहेर क्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठी सुटली तर आतील कागद शाबूत असूनही हरवतो. मोडी वाचणारे कमी झाले तेव्हापासून तर चिठ्ठीवरील दोन ओळी हाच पुष्कळ रुमालांचा एकमेव वाचनीय भाग उरला आहे. सूक्ष्मपट आणि त्यानंतर संगणकावरील चित्रे काढताना सर्वांत अधिक वेळ जातो तो चित्र घेण्यात नव्हे, कोणते चित्र कोणत्या रुमालातील कोणत्या पुडक्याचे हे नोंदविण्यात. तेवढे झाले तरच प्रत दुसऱ्या शहरात ठेवण्याला अर्थ आहे.

जुन्या हिशेबाप्रमाणे एका इनामाच्या चार पत्रांपैकी प्रांताच्या व देशमुख-देशपांड्यांच्या नावची पत्रे आज जमावात असण्याचा संभव आहे, हुजूरची नोंद त्याच इमारतीत रोजकीर्दीत, आणि मोकदमाचे पत्र बहुधा नाहीसे झालेले. जे इनामदाराच्या नावे निघाले ते अजून काही घरी, गावच्या वाड्यात, पत्र्याच्या पेटीत किंवा देवघरातील फडताळात असते. निराळ्या जागी व निराळ्या हाती राहिलेली अशी ती एकच प्रत आहे, आणि तिचे नाव कोणत्याही सूचीत नाही.